वहिनीच्या हातचं

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. ऐकणारं माणूस नव्हतं असं नाही. भाऊ होता, मैत्रिणी होत्या, विहारात शेजारी बसणाऱ्या बाया होत्या. पण दर वेळी गोष्ट ओठांशी यायची आणि मी भलतंच काहीतरी बोलून मोकळी व्हायचे — आज पाणी आलं नाही, उद्या गॅसचा नंबर लावायचाय. आता सत्तरीला टेकले. गुडघे गेले. आणि खरं सांगू? लपवून ठेवण्याचाही शीण येतो हो. आता होत नाही माझ्याच्यानं.

गोष्ट आहे नाकातून येणाऱ्या रक्ताची. एवढंच? — असं वाटेल तुम्हाला. वाटू द्या.

आमच्याकडे नाकातून रक्त आलं की म्हणतात, घोळणा फुटला. आणि घोळणा फुटला की कारण शोधायला कुणी जात नाही, ते तयारच असतं — उष्णता. मग मान मागे टाका, टाळूवर गार पाण्याची धार धरा, कांदा फोडून नाकाशी लावा, सब्जा भिजवा, धण्याचं पाणी पाजा. आणि घरातल्या बाईला विचारा, काल काय घातलं होतंस त्याला खायला? माझी सगळी गोष्ट या शेवटच्या प्रश्नापाशी अडकलेली आहे.

मी अंबरनाथला एका कारखान्यात होते, मोरिवलीच्या बाजूला. क्रोम प्लेटिंगचं काम चालायचं तिथे. सायकलची हँडलं, नळ, कपाटांच्या मुठी — लोखंड हौदात बुडवून त्याला चकाकी चढवायची. मी तिथल्या दवाखान्यात. दवाखाना म्हणजे काय, एक पलंग, एक काचेचं कपाट, एक वजनकाटा. प्रथमोपचाराचा कोर्स केला होता, तेवढ्यावर लागले. पण लोक मला सिस्टर म्हणायचे. कारखान्यात सिस्टर, चाळीत सिस्टर. कुणाचं पोट दुखो, कुणाच्या पोरीला ताप येवो — सिस्टरला विचारा. मी सिस्टर नव्हते. पण तसं कुणाला सांगावंसंही कधी वाटलं नाही. गोड लागतं ते. तिशी उलटली होती, लग्न झालं नव्हतं, आणि घरात-चाळीत जो काही मान होता तो त्या एका शब्दावर होता.

हौदांवर काम करणाऱ्यांची नाकं फुटायची. सुरुवातीला मीही उष्णताच समजायचे. मग उल्हासनगरहून एक डॉक्टर यायला लागले, दर गुरुवारी. म्हातारे सिंधी गृहस्थ, हिंदीत बोलायचे, आणि शिकवायची हौस फार. मान मागे नाही टाकायची, पुढे झुकवायची. नाकाचा मऊ भाग चिमटीत दाबून धरायचा, घड्याळ बघून दहा मिनिटं. मागे टाकली तर रक्त घशात उतरतं. मग विचारायचं — एका नाकपुडीतून येतं की दोन्हींतून? खपल्या धरतात का? नखाने कोरतोस का? सर्दी? ब्लडप्रेशर? कारणं पुष्कळ असतात म्हणायचे. पण सगळ्यांच्या आधी त्यांचा प्रश्न एकच असायचा, "काम क्या करता है?" मला सांगायचे, "सिस्टर, लोग पूछते हैं क्या खाया. तुम पूछो, क्या काम किया."

त्यांनीच मला ते दाखवलं. क्रोमच्या हौदातून वाफ उठते ती नाकात जाऊन बसते आणि दोन नाकपुड्यांमधला पडदा हळूहळू खाते. आधी जळजळ, मग खपली, मग रक्त, आणि एक दिवस पडद्याला भोक. फारसं दुखत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. पण बघायचं सोपं आहे. बारीक टॉर्च एका नाकपुडीशी धरायचा आणि दुसरीत डोकावायचं. नुसता लालसर उजेड दिसला तर पडदा शाबूत. टिकलीएवढा पांढरा ठिपका लख्ख दिसला — तर आरपार.

मोरिवलीचा एक जुना कामगार होता, गोविंददादा. तो जेवणाच्या सुट्टीत गंमत करून दाखवायचा. दोऱ्याचं टोक एका नाकपुडीत सारायचा आणि दुसरीतून ओढून काढायचा. "बाय, माजे नाकाला मागचा दरवाजा हाय," म्हणायचा. पोरं टाळ्या पिटायची. मीही हसले आहे त्याला, खोटं कशाला बोलू.

ते डॉक्टर होते तोवर हौदावरच्या प्रत्येकाचं कार्ड असायचं. दर काही महिन्यांनी ते एकेकाचं नाक बघायचे, नाकात वॅसलीन लावायला लावायचे, ज्याचा पडदा सोलवटलेला दिसेल त्याला हौदावरून काढायला सांगायचे. मग त्यांना वयाने होईना, ते यायचे थांबले. त्यांच्या जागी आलेले डॉक्टर घाईचे. कोऱ्या कार्डांवर सह्या करून गठ्ठा माझ्यापुढे सरकवायचे, बाकीचं तुम्ही भरा. आणि मी भरलं. नाक — ठीक. नाक — ठीक. खुर्चीवरून न उठता. मला कुणी दम दिला होता का? नाही. वरून चिठ्ठी आली होती? नाही. कंटाळा होता. आणि 'ठीक' लिहिलं की सगळेच खूश असायचे — साहेबही खूश, आणि हौदावरून काढून झाडलोटीला लावतील या भीतीने कामगारही खूश. टॉर्च कपाटात पडून राहिला.

त्या गठ्ठ्यात एक कार्ड माझ्या भावाचं होतं. अशोकचं. त्याला मीच तिथे चिकटवला होता.

घरात आम्ही चौघं — आई, अशोक, मी आणि वहिनी. त्यांची मुलगी तेव्हा रांगत होती. वहिनी बदलापूरची, सुजाता नाव. बुद्धाला खीर देणाऱ्या सुजातेचं म्हणून वडिलांनी ठेवलेलं. नावाला जागणारी होती. काय हात होता तिचा! सुकट परतायची तर चाळीच्या टोकापर्यंत लोक विचारायचे, आज सुजाताकडे काय? वांग्यात तीळ कुटून घालायची. अशोक कामावरून आला की आधी पातेल्यावरचं झाकण उचलायचा, मग हातपाय धुवायचा. माझ्या हातच्या भाजीला घरात कुणी कधी वाईट म्हटलं नव्हतं. चांगलंही म्हटलं नव्हतं.

मग त्याचा घोळणा फुटायला लागला. आधी उन्हाळ्यात, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पण पाऊस पडून गेला, थंडी आली, तरी फुटतच राहिला. शर्टावर डाग, उशीवर डाग. आईने एकेक पदार्थ बंद केला. सुकट बंद. अंडी बंद. मग लसूण, मग गूळ, मग बाजरी. वहिनी बिचारी आपणहून पुढे होऊन काढायची, "तीळही नको का हो, आई?" शेवटी ताटात दुधी आणि मुगाचं वरण राहिलं, तरी रक्त येतच होतं. येणारच. तो रोज सकाळी हौदावर जात होता ना.

आणि मी? मी बघत होते. मला शंका आली नव्हती असं म्हणू? म्हणता येईल. पण शंका आली होती. पहिल्या महिन्यातच आली होती. मी ती बाजूला सारत होते, कार्डांच्या गठ्ठ्यासारखी.

एका रविवारी दुपारी जेवताना त्याच्या ताटात रक्त पडलं. वरणात. वहिनी उठली, फडकं आणलं, आणि मला म्हणाली — तिचा आवाज अजून येतो मला — "अक्का, तुम्ही एकदा नीट बघा ना. तुम्हाला कळतं. जेवणानं होतंय का हे? तसं असलं तर तसं सांगा, मी काय लागेल ते करीन."

मी टॉर्च काढला. अशोकला दाराशी बसवलं, रक्त थांबेस्तोवर नाक दाबून धरलं, सगळं अगदी डॉक्टरांनी शिकवल्यासारखं. आई शेजारी, वहिनी मुलीला कडेवर घेऊन समोर. मी टॉर्च डाव्या नाकपुडीशी धरला आणि उजवीत बघितलं.

पांढरा ठिपका होता. टिकलीएवढा. लख्ख.

किती वेळ बघत बसले असेन? दोन श्वास, तीन श्वास. तेवढ्यात डोक्यात काय काय येऊन गेलं सांगते. हे बोलले तर अशोक गप्प बसणार नाही, तोंडाचा फटकळ होता तो. उद्या कारखान्यात जाऊन विचारेल, माझ्या बहिणीने बघितलं तर भोक आहे, मग कार्डावर ठीक कसं? कार्ड कुणी भरलं? मग सगळीच कार्डं निघतील. मग मी सिस्टर कसली? — हे एवढंच आलं डोक्यात. भावाचं नाक नाही आलं. समोर उभी असलेली वहिनी नाही आली. माझी नोकरी, माझ्या नोकरीवर चालणारं घर, हेही नंतर सुचलं, स्वतःला समजावायला. त्या क्षणी फक्त एवढंच होतं, की मी उघडी पडेन.

मी टॉर्च बंद केला आणि म्हणाले, "उष्णता आहे."

एवढ्यावर थांबले असते तरी — पण नाही थांबले. कुणी विचारलं नव्हतं, तरी पुढे म्हणाले, "जेवणात बघायला पाहिजे अजून."

आता जेवणात काढण्यासारखं काय उरलं होतं? काहीच नाही. तेव्हा आईने आपला अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वहिनीच्या आधी उठली आणि स्टोव्ह पेटवून बसली. वहिनी आली तर म्हणाली, "तू राहू दे. पदार्थ नाही बाधत, तुझा हातच उष्ण आहे. सिस्टरनं बघूनच सांगितलं ना." तिने वहिनीचा तळवा आपल्या हातात घेऊन मला दाखवला. "बघ, कसा तापतोय." वहिनीचे हात गरमच असायचे, काही माणसांचे असतात. मी हात लावून बघितला आणि मान डोलावली.

आई दुष्ट नव्हती. ओरडली नाही, हाकललं नाही. लेकासाठी करत होती. पण त्या दिवसापासून वहिनीच्या हातचं आमच्या घरात कुणी खाल्लं नाही. भाजी चिरायची नाही, पीठ मळायचं नाही, पाण्याचा तांब्याही अशोकला तिने द्यायचा नाही. भांडी, धुणं, केर तेवढं तिचं.

आणि हे कुणाच्या घरात? आई आम्हाला लहानपणी सांगायची, गावाकडे तिच्या आईच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं, तिलाच पाणी वरून ओंजळीत ओतायचे. ते सगळं मागे टाकून आम्ही बौद्ध झालो, इथे आलो, भिंतीवर तसबिरी लावल्या. आणि त्याच भिंतीखाली एका बाईच्या हातचं आम्ही टाकलं. आईला ते दिसलं नाही. मला दिसलं होतं. बुद्धपौर्णिमेला विहारात न्यायची खीर आईने ढवळली आणि सुजाता दाराबाहेर भांडी घासत होती — मला तेव्हाही दिसलं. मी खिरीत चारोळ्या घातल्या.

पुढचं ऐका, ते जास्त वाईट आहे. त्याच आठवड्यात मी सुपरवायझरला गाठलं. म्हटलं, भावाला दम लागतो, त्याला पॅकिंगला टाका. त्याने माझ्या शब्दाखातर टाकलं. घरी मी मलमाची डबी आणली, अशोकला म्हटलं, उष्णतेवरचं आहे, दोन वेळा नाकात लाव. वाफ सुटली, मलम लागलं, खपल्या झडल्या. दोन-तीन महिन्यांत रक्त थांबलं. भोक काही बुजत नसतं, पण कडा वाळतात आणि रक्त थांबतं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं बरोबर निघालं.

आणि घराने काय बघितलं? सुजाताचा हात बंद केला, आणि रक्त बंद झालं. आई चाळभर सांगत सुटली. पुरावाच मिळाला! मीच तयार करून दिला होता. हौदावरच्या बाकीच्यांचं काय, असं विचाराल. त्यांच्यापैकी कुणी माझा भाऊ नव्हता. त्यांच्या कार्डांवर मी 'ठीक' लिहीत राहिले.

अजून एक सांगायचं राहिलंय. इथपर्यंत आले आहे तर सांगून टाकते. आईला रोज होईना, तेव्हा अर्धा स्वयंपाक माझ्याकडे आला. एकदा अशोक जेवताना म्हणाला, "अक्का, आमटी बरी झालीय." आणि मला — बरं वाटलं. वहिनी तिथेच बसलेली, खाली बघत. आणि मला बरं वाटलं.

वहिनी कधी भांडली नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं का? कोण जाणे. तिचं झालं ते निराळंच. तिला ते पटलं. स्वतःच्या मुलीला भात कालवून द्यायचा तरी ती ताट माझ्यापुढे करायची, "अक्का, तुम्ही कालवा. उगाच पोरीला बाधायला नको." मुलीच्या शाळेचा डबा मी भरायचे. माहेरी बदलापूरला गेली तरी तिथेही चुलीपाशी जायची नाही, असं तिच्या बहिणीने मला एकदा सांगितलं. हसत सांगितलं. तिला वाटलं, सुजाता आळशी झाली.

आई गेली. आता स्वयंपाक तिच्याकडे परत जाईल असं मला वाटलं होतं. मी म्हटलंही, "कर ना आता, कोण आहे बोलायला?" ती म्हणाली, "नको अक्का. त्यांचं चांगलं चाललंय. कशाला ती परीक्षा?" तेव्हा तरी बोलायचं होतं. आई नव्हती, कारखानाही बंद पडायला आला होता, कार्डं कोण काढणार होतं? कसली भीती उरली होती? कसलीच नाही. फक्त आता इतकी वर्षं झाली होती, की आधी का नाही सांगितलं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

कारखाना बंद झाला. अशोकने एका दुकानात काम धरलं. त्याच्या नाकातून श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायचा, आणि वास येईनासा झाला होता. दूध करपलं तरी त्याला कळायचं नाही. शेवटी दुकानातल्या कुणीतरी त्याला उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. तो संध्याकाळी हसतच घरी आला. "काय विचारलं माहितीय त्यानं? काम काय करत होतास. म्हटलं, प्लेटिंगला होतो, मागे. म्हणाला, मग बरोबर, पडद्याला भोक आहे, जुनं. क्रोमनं होतं म्हणे. तेव्हा रक्त यायचं का विचारलं. म्हटलं, यायचं की! म्हणाला, त्याचंच ते."

वहिनी तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात तसाच राहिला.

"म्हणजे उष्णता नव्हती?"

"कसली उष्णता? वाफेनं झालं ते."

"म्हणजे माझ्या हातानं नाही?"

अशोक गोंधळला. तो ते विसरूनच गेला होता बहुतेक. पुरुषाला काय, ताट समोर येत होतं. "अगं, कुठलं काय काढतेस," म्हणाला आणि हात धुवायला गेला.

मग तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. जणू मलाच सांभाळून घेत होती. म्हणाली, "अक्का, तुम्हाला तरी तेव्हा कुठून माहीत असणार?"

दहा वर्षं झाली होती. ती माझ्यासाठी दार उघडून उभी होती आणि मला फक्त खरं बोलून बाहेर यायचं होतं.

मी म्हणाले, "नाही ना. मला कसं माहीत असणार?"

"तेच म्हटलं," ती म्हणाली. "तुम्ही कशाला लपवाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ती गॅसपाशी होती. नवी साडी नेसून. दुपारपर्यंत काही ना काही करत होती, मला आत येऊ देत नव्हती. सुकट केली होती, तिळाचं वांगं केलं होतं, भाकऱ्या केल्या होत्या. भाकऱ्या जाड झाल्या होत्या, कडेला फाटलेल्या. वांग्यात मीठ विसरली होती आणि सुकटीत दोनदा पडलं होतं. दहा वर्षांत तिचा हात गेला होता. तिने पहिला घास घेतला आणि तिला कळलं. चेहऱ्यावरून कळलं मला. अशोकला वासाची आणि चवीची जाण कुठे उरली होती, तो म्हणाला, "झकास!" ती माझ्याकडे वळली. "अक्का, तुम्ही खरं सांगा."

"छान झालंय," मी म्हणाले.

ती ताटाकडे बघत राहिली, मग उठून पाणी आणायला गेली. त्यानंतर तिने परत कधी केलं नाही.

आज आम्ही बदलापूरला राहतो. अशोक गेला. मुलगी लग्न होऊन नांदते. वहिनी आणि मी, दोघीच. स्वयंपाक मी करते. ती समोर बसून जेवते आणि रोज म्हणते, अक्का, तुमच्या हाताला चव आहे. मला माहीत होतं. त्या रविवारी दुपारी मी बघितलं होतं, आणि मला माहीत होतं.